चवथीच्या सुट्टीत कुलूप बदलू नका

डिचोलीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. चार पानांचं आहे, त्यातला मुद्द्याचा भाग देते.

"म्हापशात खोर्लीला आमचं सासऱ्यांच्या वेळचं कौलारू घर आहे. 1996 साली माझ्या मिस्टरांनी ते एका शिंप्याला सहाशे रुपये भाड्याने दिलं. करार तोंडी. आता भाडं नऊशे आहे. मिस्टर 2011 साली गेले. मी डिचोलीत मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि माझे दोन्ही गुडघे गेलेत. मला माझ्या घरी, जमिनीवर राहायला जायचंय. भाडेकरू म्हणतो, पोरीची दहावी आहे, आम्ही जाणार कुठे? दिरांनी सांगितलं की भाडं घेऊ नकोस, घेतलंस तर त्याचा हक्क लागतो. म्हणून सात महिने घेतलं नाही. तो दोनदा पैसे घेऊन आला होता, मी परत पाठवला. आता दीर म्हणतात की चवथीला ते सगळे आठ दिवस सावंतवाडीला गावी जातात, तेव्हा कुलूप बदलू, मीटर काढून घेऊ, मग बघू काय करतो ते. शिवाय बारा वर्षं झाली की घर भाडेकरूचं होतं म्हणे. इथे तर एकोणतीस होत आली. मला रात्र रात्र झोप नाही. काय करू?"

ताई,

सगळ्यात आधी एक करा. आज संध्याकाळी दिरांना फोन लावा आणि सांगा की कुलपाला हात लावायचा नाही. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आजच व्हायला हवं, कारण चवथ तोंडावर आली आहे.

घर तुमचं आहे, पण ताबा त्याचा आहे, आणि कायदा या दोन गोष्टी वेगळ्या धरतो. ज्याचा ताबा कायदेशीर मार्गाने न जाता बळजबरीने काढून घेतला, त्याला स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या 6 व्या कलमाखाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात मालकी कोणाची हे कोर्ट विचारतच नाही. ताबा होता का आणि तो जबरीने काढला का, एवढंच बघतं. तुम्ही घरपट्टीच्या पावत्यांचा गठ्ठा समोर ठेवलात तरी त्याचा उपयोग नाही. वर पोलिसात गृहअतिक्रमणाची तक्रार होते, आणि घरातला एखादा डबा जरी हलला तरी चोरीचा आरोप चिकटतो. साठी उलटलेल्या बाईला ठाण्याच्या बाकड्यावर बसवायची वेळ दिरांनी आणू नये.

मी गेली सत्तावीस वर्षं भाड्याचे दावे चालवते. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या एका अशिलाने मला न विचारता मे महिन्याच्या शेवटी भाडेकरूच्या खोलीची कौलं उतरवली. दुरुस्ती करतो म्हणाला आणि परत चढवलीच नाहीत. जूनच्या पहिल्या पावसात मी ती खोली बघायला गेले. शिलाई मशीनवर प्लास्टिक टाकलेलं, पलंगाच्या चारी पायांखाली विटा, आणि भाडेकरूची बायको एका हाताने छत्री धरून दुसऱ्या हाताने स्टोव्ह पेटवत होती. माझा अशील त्याच दारात उभा राहून मला त्याची बाजू सांगत होता. कोर्टाने त्याला त्याच्या खर्चाने कौलं घालायला लावली. त्याची घराची गरज खरी होती, पण त्यानंतर ती कोणी खरी मानली नाही. त्याच्या प्रत्येक तारखेला भाडेकरूचा वकील पहिल्यांदा कौलांचे फोटो पुढे करायचा. मला तुमचं तसं होऊ द्यायचं नाही.

मीटरचंही तेच. वीज ही जगण्याची मूलभूत गरज आहे आणि घरमालकाने ना हरकत दाखला दिला नाही म्हणून भाडेकरूची वीज अडवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली स्पष्ट म्हटलं आहे. मीटर तुमच्या नावावर आहे म्हणून तो काढायचा हक्क तुम्हाला मिळत नाही. पाण्याच्या नळालाही हेच लागू.

आता बारा वर्षांची भीती. ही मी इतक्या घरांत ऐकली आहे की तिच्यावर नीट लिहायलाच हवं. बारा वर्षांचा नियम आहे, पण तो आहे मालकाच्या हक्काला उघड नाकारून, स्वतः मालक असल्यासारखा ताबा ठेवणाऱ्यासाठी. भाडेकरू तर तुमच्या परवानगीने आत आला आहे आणि दर महिन्याला भाडं देऊन तुम्हीच मालक आहात हे कबूल करतो आहे. भाडेकरू म्हणून राहणाऱ्याला भाडेकरार चालू असताना मालकाची मालकी नाकारता येत नाही. एकोणतीस वर्षं झाली काय आणि पन्नास झाली काय, भाडेकरू भाडेकरूच राहतो. ही भीती डोक्यातून काढून टाका आणि आज शांत झोपा.

आणि आता दिरांचा दुसरा सल्ला, भाडं न घेण्याचा. त्यांचा हेतू वाईट नसेल, पण नुकसान नेमकं इथेच झालंय. आपल्याकडे 1968 चा गोवा, दमण आणि दीव इमारती (भाडेपट्टी, भाडे व निष्कासन) नियंत्रण कायदा लागू आहे. पोर्तुगीज काळातला 1961 चा भाड्याचा हुकूमनामा जाऊन त्याच्या जागी हा आला. त्याच्या 22 व्या कलमात भाडेकरूला काढण्याची कारणं दिली आहेत. पहिलं कारण थकबाकी. एकूण तीन महिन्यांचं भाडं थकलं, मालकाने रजिस्टर्ड नोटीस पाठवली, आणि ती मिळाल्यापासून किंवा त्याने ती नाकारल्यापासून तीस दिवसांत त्याने पैसे भरले नाहीत, तर अर्ज लावता येतो. पण तुमचा शिंपी पैसे घेऊन दोनदा दारात आला होता. हे तुम्हीच लिहिलंय आणि उद्या उलटतपासणीत तुम्हालाच कबूल करावं लागेल. देऊ केलेलं भाडं तुम्ही परत पाठवलंत तर ती थकबाकी म्हणून त्याच्या गळ्यात घालता येत नाही. सात महिन्यांचे सहा हजार तीनशे रुपये तुमच्या हातात नाहीत आणि त्यातून दाव्याला एक पैशाचंही बळ मिळालेलं नाही.

त्याहून मोठी गोष्ट खास आपल्या गोव्याची आहे. भाडं न घेणं आणि पावती न देणं ही इथल्या मालकांना सुरक्षित वाटणारी सवय आहे. प्रत्यक्षात ती त्यांच्यावरच उलटते. 1975 चा मुंडकार संरक्षण कायदा तुम्हाला ऐकून माहीत असेल. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने घरात कायमचा राहणारा मुंडकार ठरला तर त्याला बाहेर काढणं जवळजवळ अशक्य होतं, आणि राहतं घर आजूबाजूच्या जागेसकट विकत घ्यायचाही हक्क त्याला मिळतो. पण त्याच कायद्याच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलंय की घरात राहण्याबद्दल भाडं देणारा माणूस मुंडकार नव्हे. म्हणजे भाड्याची पावती हीच तुमची ढाल आहे. पावत्या नसतील तर उद्या कोणीतरी त्याला सुचवेल की मामलेदाराकडे मुंडकार म्हणून अर्ज कर. मिस्टरांचं पावतीपुस्तक ट्रंकेत, कपाटात, कुठे असेल तिथून शोधून काढा. कार्बनखालची निळी पडलेली स्थळप्रतसुद्धा चालेल. 1996 ची पहिली पावती सापडली तर तिचा फोटो काढून मुलाच्या मोबाइलवर ठेवा आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात घाला. ही पावती तुमच्या सगळ्या दाव्याचा पाया आहे.

तर मग घर मिळवायचं कशावर? तुमच्या गरजेवर. त्याच कायद्याच्या 23 व्या कलमाखाली मालकाला स्वतः राहण्यासाठी घर परत मागता येतं. त्यासाठी त्याच शहरात किंवा गावात राहायला स्वतःचं दुसरं घर नसावं लागतं, आणि गरज प्रामाणिक असावी लागते. तुमचं म्हापशात दुसरं घर नाही. डिचोलीचा फ्लॅट मुलाचा. तुमचे गुडघे, तिसरा मजला, लिफ्ट नसणं, हे सगळं खरं आहे आणि कागदावर आणता येण्यासारखं आहे. हाडांच्या डॉक्टरांचे कागद, एक्स-रे, फ्लॅटच्या सोसायटीचं लिफ्ट नसल्याचं पत्र, एवढं गोळा करा. मालकाला कुठे राहणं सोयीचं हे तो स्वतः उत्तम जाणतो, भाडेकरूने त्याला शिकवायचं नसतं, असं सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटलंय. मात्र पत्राच्या शेवटच्या पानावर तुम्ही लिहिलंय की घर मोकळं झाल्यावर "पुढेमागे पाडून फ्लॅट काढू असं धाकटा म्हणतो." ताई, हे जर मनात असेल तर 23 व्या कलमाच्या वाटेने जाऊ नका. खरंच राहायला जाणार असाल तरच हा अर्ज करा. खोट्या गरजेचा अर्ज मी माझ्या अशिलाला लिहून देत नाही, तुम्हालाही सुचवणार नाही.

अर्ज रेंट कंट्रोलरकडे होतो. आपल्याकडे ते काम उपजिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी बघतात. मालकाने अर्ज दिला की भाडेकरूला समन्स जातं, तो उत्तर देतो, मग दोन्हीकडचे साक्षीपुरावे, उलटतपासणी, युक्तिवाद आणि हुकूम. हुकूम विरोधात गेला तर प्रशासकीय लवादाकडे अपील, आणि त्यापुढे पर्वरीला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात. वेळ लागतो, हे मी लपवत नाही. पण 32 वं कलम मालकाच्या बाजूने मजबूत आहे. दावा चालू असेपर्यंत भाडेकरूने भाडं भरत राहायचं असतं. सबळ कारण न देता तो थांबला तर कंट्रोलर पुढचं कामकाज थांबवून सरळ ताबा द्यायचा हुकूम करू शकतो.

अर्जाआधी एका जागी अडखळाल, ते म्हणजे घराची कागदपत्रं. तुम्ही लिहिता की सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर, चलता नंबरापुढे (म्हणजे जागेच्या सर्व्हे नंबरापुढे), अजून सासऱ्यांचं नाव आहे आणि दोन नणंदा आहेत, एक मडगावात, एक पुण्यात. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात मुलींना मुलांइतकाच वाटा आहे, म्हणजे नणंदा सहमालक आहेतच. आणि लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवऱ्याच्या वाट्याचा अर्धा भाग तुमचा स्वतःच्या हक्काने आहे, वारस म्हणून नव्हे. हे अनेक बायकांना ठाऊकच नसतं, म्हणून मुद्दाम लिहितेय. एक सहमालक एकटा भाडेकरूविरुद्ध अर्ज करू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1976 साली मान्य केलंय. तरीही दोघी नणंदांची लेखी संमती घ्या. भाडेकरूचा वकील पहिला घाव तिथेच घालतो. आणि विशेष नोटरीकडे वारसाचं डीड करून घ्या, नाहीतर पुढे इन्व्हेंटरीच्या, म्हणजे कोर्टातल्या वाटणीच्या, वेळी हीच कटकट परत उभी राहील. वाटणीवरून वाद असेल तर तो वेगळा विषय, त्याचं पत्र वेगळं लिहा.

तुम्ही सोबत जोडलेल्या व्हॉट्सअॅपच्या कागदाबद्दल. तो महाराष्ट्राचा आहे. तिथल्या 1999 च्या भाडेनियंत्रण कायद्यात 24 वं कलम आहे, लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचं. तो कायदा सरहद्दीवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे, गोव्यात, चालत नाही. आपण मराठीत वाचतो, मराठीत लिहिणारे वकील बहुतेक पुण्या-मुंबईचे, म्हणून ही गफलत गोव्यात सर्रास होते. केंद्र सरकारच्या 2021 च्या आदर्श भाडे कायद्याचंही तेच. नावातच 'आदर्श' आहे, राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो आपोआप लागू होत नाही. आणि कागदावर 'लिव्ह अँड लायसन्स' लिहिलं म्हणून भाडेकरू लायसेन्सी होत नाही. वरचं नाव काय आहे यापेक्षा व्यवहार खरा कसा आहे हे कोर्ट बघतं, सर्वोच्च न्यायालयाच्या 1959 च्या निकालापासून. तुमचा तर करारच तोंडी आहे, त्यामुळे तो कागद फाडून टाका.

वकिलाच्या खर्चाची चिंता तुम्ही दोन ठिकाणी केली आहे. स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं 12 वं कलम. उत्तर गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करा, वकील मिळतो. 15100 हा त्यांचा देशभरचा फोन नंबर आहे. मराठीत बोला, संकोच करू नका.

हे सदर भाडेकरूही वाचतात. त्या शिंप्याच्या घरातल्या कोणी वाचलं तर त्यांच्यासाठीही दोन शब्द, कारण त्यांच्या जागी मी असते तर मलाही झोप लागली नसती. मालक भाडं घेत नसेल तर नुसते परत येऊ नका. मनीऑर्डर करा, बँकेतून पाठवा, नाकारलं तर तो कागद जपून ठेवा, आणि कायद्याने रेंट कंट्रोलरकडे भाडं भरता येतं तेही करा. समन्स आलं तर घेऊन टाका, दार लावून बसलात तर निकाल तुमच्या पाठीमागे होतो. पोलिस तुम्हाला घराबाहेर काढू शकत नाहीत, मालकाने कितीही ओळख सांगितली तरी. घरातली बाई कायद्याच्या मदतीला पात्र आहे, तीसुद्धा त्याच 15100 वर फोन करू शकते. आणि मुंडकार म्हणून अर्ज कर असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. एकोणतीस वर्षं भाडं देऊन झाल्यावर तो टिकत नाही, आणि एकदा खोटं बोललात की खरं असलेलंही कोणी ऐकत नाही.

ताई, माझं खरं मत विचाराल तर हा दावा लढण्याआधी मिटवण्याचा आहे. दोन घरं आहेत आणि दोन्ही घरांत गरज आहे. त्याची मुलगी दहावीत, परीक्षा मार्चच्या आसपास. तुमचे गुडघे दुखतात, पण येत्या आठवड्यात ऑपरेशन नाही. त्याला मुलीच्या परीक्षेनंतर मे अखेरपर्यंत मुदत द्या. दुसरीकडे डिपॉझिट भरण्यापुरती रक्कम देऊ शकाल का, मुलाशी बोला. नऊशे रुपयांत म्हापशात आज खोली सोडा, सामान ठेवायला कोपरा मिळत नाही, ही त्याची खरी अडचण आहे. दुकानाची शिलाई तो घराच्या बलकांवात (ओसरीत) करतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे घर सोडताना धंदाही हलवावा लागणार. हे सगळं जमलं तर स्टॅम्पपेपरवर घरच्या घरी सही करून थांबू नका. अर्ज लावून त्यात संमतीच्या अटी नोंदवा, किंवा लोक अदालतीत मांडा. लोक अदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. मग मेमध्ये तो म्हणू लागला की अजून सहा महिने द्या, तर तुमच्या हातात अंमलबजावणीचा कागद असेल.

जमलं नाहीच, तर नोटीस. गरज लिहा, कारण लिहा, शिवीगाळ एकही नको. 2025 साली टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलंय, तेव्हा काउंटरवर नोंदणीसह आणि पोहोचपावतीसह असं सांगून पाठवा. पावतीवर त्याचं नाव आणि पिन कोड नीट आलाय का ते तिथेच उभं राहून वाचा. चुकीच्या पिनमुळे परत आलेली नोटीस मी खूप पाहिली आहे.

तोपर्यंतचं काम एवढंच. चवथीला ते गावी निघण्याआधी शिंप्याला बोलावून घ्या. सात महिन्यांचे सहा हजार तीनशे रुपये घ्या. भाडं घेतल्याने तुमचा गरजेचा दावा बुडत नाही. महिन्यागणिक सात वेगळ्या पावत्या फाडा, प्रत्येकीवर महिना, 'भाड्यापोटी' हा शब्द आणि तुमची सही, आणि स्थळप्रतीवर त्याची सही. दिरांना त्या वेळी घरी बोलावू नका. मुलाला शेजारी बसवा. जाताना त्याच्या मुलीला पेपरांच्या तारखा विचारा आणि त्या पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. अटी लिहिताना त्या तारखा लागणार आहेत.